तिरका एल

रजिस्टरात त्याने माझं आडनाव तांबेकर लिहिलं.
तांबवेकर, म्हटलं मी.
वोई तो लिखा, म्हणाला भेरूलाल,
आणि जानकीविलास मिलच्या फाटकाची साखळी सोडली.

मार्चचं ऊन, सव्वानऊ.
गळ्यात नवा कॅमेरा,
पट्ट्याला अजून दुकानाचा वास.
निवृत्तीच्या पैशांतून घेतला.
मुलगा म्हणाला, फोनवर चांगले येतात की.
येतात.

फोटोग्राफी मी सोडली नव्हती.
रोल संपला आणि पुढचा घातला नाही,
एवढंच, सत्त्याण्णव साली.
मग कपाटात जुन्याच्या भिंगाला बुरशी धरली.

मधली सव्वीस वर्षं
सरकारी दवाखान्याच्या तळघरात
इंदूरच्या बरगड्या मोजल्या मी.
कुर्ता उतारो. ठोडी ऊपर.
सांस लो. रोको. हिलना नहीं.
दिवसाला साठदा, तापाच्या साथीत नव्वददा.
चेहरा कुणाचाच आठवत नाही.
चेहरा त्या चौकटीत येतच नाही.

आत माग नाहीत, भंगारात गेले.
फरशीत त्यांचे बोल्ट राहिलेत, ओळीने,
चालताना चपलेला लागतात.
छपराच्या कैच्यांवर काळा पडलेला कापूस,
आणि करवती छपरातून तो उत्तरेचा उजेड
ज्यात धागा तुटला तर दिसायचा.

पहिला फोटो निघाला की नाही कळेना.
आवाजच नाही.
मेन्यूत शिरले, हरवले, बाहेर आले,
शेवटी एक खट् सापडला
स्पीकरमधून येणारा,
कुणी नक्कल करावी तसा.
तो ठेवला.

चाळीस काढले.
गंजलेलं दार, दारातलं ऊन, उन्हातलं कबूतर.
सगळे भिंतीवर लावण्यासारखे.
पडक्या इमारतीला सुंदर दिसायला काही लागत नाही.
पायरीवर बसून एकेक पुसले.
कबुतराला उगाच दोनदा बघितलं.

पाणी मागायला त्याच्या खोलीशी गेले.
खाट, स्टोव्ह, दोरीवर टॉवेल,
आणि खिडकीच्या फुटक्या काचेच्या जागी
चारी बाजूंनी चिकटपट्टी मारलेला
छातीचा एक्स-रे.

किसका है?
मेरा. कांच टूट गई थी.
मजबूत चीज हे बाई, पानी नी आने देती.

हाडांतून उजेड येत होता.
लोकांना उलटं वाटतं, पण फिल्मवर असंच असतं,
फुप्फुसं काळी, हाडं मोकळी.
त्याच्या घोंगडीवर बरगड्या पडल्या होत्या, उन्हाच्या,
एका बाजूच्या थोड्या विस्कटलेल्या.
उजव्या वरच्या कोपऱ्यात जे धुरकट होतं
ते मी वाचलं, आणि बोलले नाही.
वीस वर्षं कापूस ओढल्यावर काय दिसतं
हे त्याला माहीत असणारच.

कोपऱ्यात शिशाच्या अक्षराचा ठसा.
मी एल डाव्या हाताने लावायची,
घाईत तो कलायचा.
हाही कललेला.
घाईत सगळ्यांचाच कलतो, म्हणा.

तेवढा एक काढला.
खिडकी, घोंगडी, स्टोव्हची मूठ.
हात थरथरला तेव्हा चौकटीला खांदा टेकवला,
जुन्या सवयीने, जी मला वाटलं गेली.

मेरा भी निकालोगी?
त्याने शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावली,
तोंडावरून ओला हात फिरवला,
भिंतीला पाठ लावून उभा राहिला.
मी कॅमेरा डोळ्याला लावला
आणि तोंडातून गेलं,
सांस लो. रोको.
त्याने लगेच रोखला,
माहितगार माणसासारखा, खांदे पुढे घेऊन.
मी हिलना नहीं म्हणेपर्यंत
खोकला आलाच.
खट्.

चेहरा हलला आहे. नाक दोन ठिकाणी.
तो पुसला नाही.

कब मिलेगी?
परसों, ग्यारा बजे. चार नंबर खिड़की, म्हटलं मी
आणि जीभ चावली.
भेरूलाल हसला नाही.
आत गेला, चष्मा लावला,
रजिस्टरात लिहून घेतलं.